आजोबांच्या रायफलीची किंमत कशी काढावी

"आजोबांची जुनी मिलिटरी टाइप रायफल आहे. विकली तर किती येतील?" असं विचारणारा माणूस सोबत फोटो पाठवतोच. एक दस्त्याचा, एक नळीचा, एक सबंध रायफल पलंगावर आडवी ठेवून. मी उलट विचारते, लायसन्सचा फोटो कुठे आहे? मुंबईत रायफलीचा भाव आधी कागदावर ठरतो, मग लोखंडावर. कारागिरी, इतिहास, घराण्याची शान यांची पाळी त्यानंतर.

फोर्टातल्या एका बंदुकीच्या दुकानात मी हिशेबाला होते. माझ्या टेबलामागेच मिस्त्रींचं बाक, त्यावर शेगडा आणि कानशी. वह्या लिहिता लिहिता मान वळवून जे पाहिलं तेच माझं शिक्षण. आता वाटणी, प्रोबेट (मृत्युपत्रावर कोर्टाची मोहोर), विमा असल्या कामांसाठी किमतीची टिपणं करून देते. त्यातलं निम्मं काम कुणालाही जमण्यासारखं आहे, म्हणून ते कसं करते ते सांगते.

पहिली गोष्ट हत्याराच्या जागेची. लायसन्सदार वारले असतील तर रायफल घरातल्या कपाटात राहू देऊ नका. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम २१ प्रमाणे ती पोलीस ठाण्यात किंवा लायसन्सवाल्या डीलरकडे जमा करायची असते. डीलरच्या सेफ कस्टडीला भाडं पडतं, पण कोरडं कपाट मिळतं आणि अधूनमधून तेलाचा हात फिरतो. किंमत काढणारा तिथेच येऊन बघतो. चादरीत गुंडाळून लोकलने माझ्याकडे घेऊन येऊ नका. हसू नका, आलेले आहेत.

आता कागद. लायसन्सवर बोअर, म्हणजे नळीच्या भोकाचं माप, लिहिलेलं असतं, तो आकडा सगळ्यात महाग. आपल्याकडे दोन जाती: प्रोहिबिटेड बोअर आणि नॉन-प्रोहिबिटेड बोअर. काउंटरवर सगळे पीबी आणि एनपीबी म्हणतात. थ्री-नॉट-थ्री, ७.६२ मिलिमीटर, म्हणजे ज्या रायफलीत लष्कराचं काडतूस बसतं ती पीबी. पोलिसांसाठी आणि पहारेकऱ्यांसाठी थ्री-नॉट-थ्रीवरूनच बेतलेलं .४१० मस्केट, तेही पीबी. पीबीचं लायसन्स केंद्रीय गृह मंत्रालय देतं आणि ते सुखासुखी मिळत नाही. म्हणजे विकत घेणारा जवळजवळ नाहीच. गिऱ्हाईकच नाही तिथे बाजारभाव कुठला? जिला जगभर संग्राहक शोधत फिरतात ती थ्री-नॉट-थ्रीवाली ली-एनफिल्ड मुंबईतल्या एखाद्या घरात कायदेशीर कागदांनिशी असली, तरी विक्रीच्या रकान्यात मी फार छोटा आकडा लिहिते. लोकांना राग येतो. २६/११ च्या रात्री सीएसएमटीवर पोलिसांच्या हातात होती ती हीच रायफल, तेव्हापासून तर प्रत्येकाला ती "ऐतिहासिक" वाटते. असेल. पण इतिहासाला लायसन्स लागतं.

आणि कागद मुळातच नसेल तर? मग किंमत काढण्याचा प्रश्नच नाही, वकील गाठायचा प्रश्न आहे. "पणजोबा पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात होते, त्यांना सरकारने रायफल बक्षीस दिली" ही कथा मराठा पलटणींच्या पट्ट्यातल्या कितीतरी घरांत आहे. पणजोबा कुत-अल-अमाराच्या वेढ्यात असतीलही, मराठा पलटणी तिथे होत्याच. पण पलटणीची रायफल ही सरकारी मालमत्ता. पेन्शनीत निघताना शिपाई ती जमा करून निघायचा. पदकं आणा, डिस्चार्जचा कागद आणा, त्यांना किंमत आहे आणि ती विकायला परवाना लागत नाही.

आपल्याकडे खरा व्यवहार होतो तो थ्री-फिफ्टीनचा, म्हणजे .३१५ बोअरचा. तिची जन्मकथा किमतीशी जोडलेली आहे म्हणून थोडी सांगते. सैन्याचं काडतूस रयतेच्या हाती नको, म्हणून इंग्रजांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानात खासगी माणसाला थ्री-नॉट-थ्री बंद केली. बीएसए, वेस्टली रिचर्ड्स अशा इंग्रज कंपन्यांनी मग तोच ली-एनफिल्डचा सांगाडा घेतला, लाकूड अर्ध्यावर आणलं आणि त्यात ८ मिलिमीटरचं काडतूस बसवलं. हे काडतूस मूळचं ऑस्ट्रियाच्या सैन्याच्या मॅन्लिखर रायफलीचं. दुसऱ्याच्या सैन्याचं चाललं, आपल्या नको! स्वातंत्र्यानंतर पश्चिम बंगालमधल्या ईशापूरच्या सरकारी कारखान्याने त्याच धर्तीची .३१५ बनवली. म्हणून ती दिसायला मिलिटरी आणि कागदावर सिव्हिलियन. काडतूसही देशात तयार होतं, आपल्या खडकीच्या कारखान्यातसुद्धा. गोळी मिळते म्हणून रायफल विकली जाते, हा या बाजाराचा साधा नियम. याउलट .३१८ वेस्टली रिचर्ड्ससारखी देखणी इंग्लिश रायफल पाच वर्षं कस्टडीत पडून राहिलेली मी पाहिली आहे. काडतूस कुठून आणणार, या प्रश्नाला कुणाकडेच उत्तर नव्हतं. शिवाय १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार संपली आणि मोठ्या बोअरचं कामच गेलं.

.३१५ ईशापूरची असेल तर पाया धरायला सोपं. कारखान्याची आजची नव्या रायफलीची किंमत डीलरकडून घ्यायची. चांगल्या स्थितीतली जुनी त्याच्या खालीच राहते. किती खाली, ते नळी सांगते. बीएसएची किंवा वेस्टली रिचर्ड्सची असेल तर हा पाया विसरा. ऐंशीच्या दशकात परदेशी शस्त्रांची आयात खासगी माणसाला बंद झाली, तेव्हापासून देशात जो इंग्लिश, जर्मन, झेक माल आहे तेवढाच आहे. तो झिजतो, गंजतो, पण वाढत नाही. म्हणून बाहेरच्या देशात साधी समजली जाणारी झेक ब्रनो कंपनीची पॉइंट टू-टू रायफल इथे कुणीही न कुरकुरता भारी भावाने घेतं. दुसऱ्या बाजूने, २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाकडच्या हत्यारांची मर्यादा तीनवरून दोनवर आली. तिसरं हत्यार काढणाऱ्यांची रीघ लागली, आणि साध्या देशी मालाचा भाव त्या वेळी जो बसला तो बऱ्याच लोकांच्या अजून लक्षात आलेला नाही. २०१८ मध्ये शेजाऱ्याने किती घेतले हे मला सांगू नका.

आता लोखंडाकडे. मिस्त्रींचा नियम असा होता की, बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा दांडा) मागे ओढून चेंबर, म्हणजे काडतूस बसायची जागा, रिकामं आहे हे डोळ्याने आणि करंगळीने दोन्हीने पाहिल्याशिवाय रायफलीबद्दल एक शब्द बोलायचा नाही. हे काम लायसन्सवाल्यानेच करायचं. तुम्ही शेजारी उभे राहा आणि त्याला अमुक जागेवर बॅटरी धर म्हणून सांगा.

ली-एनफिल्ड घराण्यात सगळ्यात बोलकी जागा म्हणजे दस्ता जिथे लोखंडात शिरतो तो सॉकेट. जुन्या शॉर्ट मॅगझिन ली-एनफिल्डवर त्याच्या उजव्या अंगाला मुकुट, खाली राजाची अक्षरं, मग कारखाना, साल आणि मॉडेल. १९०७ चं मार्क थ्री, आणि पहिल्या महायुद्धात घाईत काढलेलं त्याचंच स्वस्त रूप, ज्यावर तिनाच्या पुढे एक चांदणी असते. नंबर फोर रायफल दुसऱ्या महायुद्धातली, तिच्यावर ही माहिती डाव्या अंगाला. ईशापूरच्या जुन्या मालावर "जी आर आय" ही अक्षरं, म्हणजे लॅटिनमध्ये जॉर्ज, राजा आणि सम्राट. प्रजासत्ताकाच्या सुमारास तिथे अशोकस्तंभाचे सिंह येतात. बाणाच्या पंजासारखी खूण म्हणजे इंग्रज सरकारची मालमत्ता, तिच्याखाली "आय" असेल तर हिंदुस्थान सरकारची. असे दोन बाण टोकाला टोक भिडवून मारले असतील तर माल सरकारने रीतसर विकून टाकलेला आहे. ही खूण सापडली की मी चहा मागवते, कारण निम्मं भांडण मिटतं.

आणि चौकोनी, कोपरे तुटक दिसणारं मॅगझिन असेल तर ती साठच्या दशकातली ईशापूरची टू-ए किंवा टू-ए-वन, ७.६२ मिलिमीटर. पुष्कळ लोक तिला थ्री-नॉट-थ्रीच समजतात. आपल्याकडे दोन्ही पीबी, त्यामुळे चूक भावात दिसत नाही. पण टिपणात ती लिहिली गेली की टिपण लिहिणाऱ्याची अब्रू जाते.

पुढे नंबर जुळवायचे. बॉडीवर, नळीच्या मुळाशी, बोल्टच्या दांडीच्या मागे, मागच्या साइटच्या पानाखाली, नळीच्या तोंडाकडच्या टोपीवर, आणि लाकडाच्या पोटावर अगदी पुढे. सगळ्या जागी एकच नंबर असेल तर रायफल कारखान्यातून निघाली तशी आहे. बोल्टचा नंबर वेगळा निघाला तर मी किमतीतून चौथा हिस्सा सरळ कापते. हा माझा हिशेब, दुसरा कुणी कमी कापेल. पण बोल्ट बदललेल्या रायफलीची हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्ट आणि काडतूस यांच्यातली फट, तपासल्याशिवाय तिच्यात गोळी घालायची नसते, त्याचा खर्च आणि धोका घेणाऱ्याच्या माथी येतो. सगळ्यात महत्त्वाचं, हा नंबर लायसन्सवरच्या नंबराशी अक्षर न अक्षर जुळला पाहिजे. जुन्या कारकुनाने एकाचा सात केला असेल तर तो आधी दुरुस्त करून घ्या. त्याआधी सांगितलेला कुठलाही भाव हवेतला.

नळी बघायला बोल्ट काढायचा, चेंबरच्या बाजूला पांढऱ्या कागदाचा कपटा धरायचा आणि तोंडाकडून आत बघायचं. आतले पीळ धारदार आणि चकचकीत दिसले तर छान. पीळ दिसतात पण मध्ये काळे बारीक खड्डे असतील तर तो जुन्या काडतुसांचा प्रसाद. त्या काळच्या काडतुसाच्या बुडाला ठिणगी देणारी जी कॅप असते, तिच्यात पोटॅशियम क्लोरेट असायचं. बार झाला की त्याचं मीठ नळीत राहतं आणि हवेतलं पाणी ओढतं. गोरे शिपाई नळीतून उकळतं पाणी ओतायचे ते याचसाठी. मुंबईच्या हवेत तर हे मीठ एका पावसाळ्यात काम तमाम करतं. तोंडाशी पीळ गुळगुळीत झालेले असले तर बहुधा साफ करणाऱ्यानेच साखळी किंवा गज तिरका घासून ते खाल्लेले असतात. चामड्याच्या देखण्या केसमध्ये वर्षानुवर्षं ठेवलेली रायफल बाहेरून गंजते. चामडं ओल धरतं. केस वेगळी ठेवा, तीही विकली जाते.

आता ज्यावर लोक सगळ्यात जास्त पैसे घालवतात ते: चकाकी. गिरगावातल्या एका घरातली बीएसएची .३१५ माझ्यासमोर आली. एजंटला दाखवायची म्हणून थोरल्या भावाने तिची नळी एका बफिंगवाल्याकडून आरशासारखी करून आणली होती, दस्ता खरवडून मेलामाइन मारलं होतं. बोटाने सॉकेट चाचपलं तर अक्षरांच्या कडाच लागेनात. कंपनीचं नाव उजेड तिरका पाडला तरच दिसत होतं, प्रूफहाउसचे (नळीची चाचणी घेऊन शिक्का मारणाऱ्या संस्थेचे) मुकुट म्हणजे नुसते ठिपके. लाकूड लोखंडाच्या पातळीपेक्षा खाली बसलं होतं, कारण खरवडताना तेवढं गेलं. मूळचा दस्ता लोखंडाच्या कडेला केसभर उंच असतो, नख फिरवलं की कळतं. भावाला वाटत होतं किंमत वाढली. मी जे लिहिलं ते वाचून त्याने टिपण धाकट्याच्या हातात दिलं आणि गॅलरीत गेला. जुन्या लाकडाला जवसाचं तेल, तेही चिंधीला लागेल इतकंच. लोखंडाला पातळ तेल. पॉलिश पेपर, ब्रासो, लिंबू, चिंच काहीही नको. मळ राहिला तर राहू द्या, मळाचे पैसे कापत नाहीत.

परदेशातले जाणकार लाकूड कापून शिकारीसाठी बेतलेल्या लष्करी रायफलीला नाक मुरडतात, मूळ रूपातलीला उचलून धरतात. आपल्याकडे हे जसंच्या तसं लागू करू नका. मूळची कारखान्यातच .३१५ म्हणून निघालेली अर्ध्या लाकडाची रायफल ही कापलेली नव्हेच. आणि गल्लीतल्या सुताराने कापलेली ओळखायला टोकाकडची कापणी बघायची: कारखान्याचं टोक गोल किंवा शिंगाचं मढवलेलं असतं, सुताराचं करवतीच्या खुणांसकट.

दीडशे वर्षांपूर्वीचा माल वेगळ्या पंगतीतला. १८५३ ची एनफिल्ड, जिच्या काडतुसावरून १८५७ चं रान पेटलं, ती ठासणीची. तिच्यातून निघालेली स्नायडर, मग १८७१ ची मार्टिनी-हेन्री. उठावानंतर देशी पलटणींना गोऱ्यांपेक्षा एक पिढी जुनं हत्यार द्यायचं धोरण होतं, म्हणून हा माल आपल्याकडे उशिरापर्यंत वापरात राहिला. इथे नकलांचं पीक अमाप. खैबरच्या बाजूच्या दर्रा आदमखेलचे कारागीर हाताने रायफली घडवत, मुकुटासकट. इंग्रजी अक्षरं त्यांना चित्रासारखी दिसायची, त्यामुळे एन उलटा, एनफिल्डमधलं एखादं अक्षर गायब. सोपी कसोटी: मुकुटाखाली व्हिक्टोरिया राणीची अक्षरं आणि साल १९११. राणी १९०१ च्या जानेवारीत गेली, त्यानंतर एडवर्डची अक्षरं हवीत आणि १९११ ला जॉर्जची. चोर बाजारातल्या मटन स्ट्रीटवर भिंतीला लावायच्या म्हणून मिळतात त्या बंदुकांवर हे सालांचं गणित एकदा करून बघा, वेळ मजेत जातो. डोळा तयार करायचा असेल तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात शस्त्रांच्या दालनात तासभर काढा. जुन्या लोखंडाचा आणि जुन्या पितळेचा रंग एकदा डोळ्यात बसला की ॲसिड मारून जुनं केलेलं लगेच पिवळट दिसायला लागतं.

या जुन्या मालाबाबत लोक म्हणतात, "अँटिक आहे, लायसन्स लागत नाही." कलम ४५ मध्ये सूट आहे, पण ती जुनाट धर्तीच्या किंवा मोडक्या आणि दुरुस्त करूनही न चालणाऱ्या हत्याराला. तुमची ठासणीची त्यात बसते की नाही हे तुम्ही ठरवायचं नसतं. कोकणात शेतीसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुका आजही लायसन्सवर आहेत. पोलीस आयुक्तांच्या कार्यालयाकडून लेखी घ्या, मग दिवाणखान्यात लावा. शिवाय शंभर वर्षांवरची वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येऊ शकते, आणि तशी ती आली की देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणून लंडनच्या लिलावातला पौंडाचा आकडा रुपयात गुणून मला दाखवू नका. तो बाजार तुमच्यासाठी बंद आहे.

घराण्याच्या कथेला किंमत येते, पण कागद लागतो. शिकारी जिम कॉर्बेटची रिग्बी कंपनीची .२७५ बोअरची रायफल घ्या. चंपावतची वाघीण मारल्याबद्दल १९०७ साली ती त्यांना भेट मिळाली, तसं लिहिलेला चांदीचा पत्रा दस्त्यावर आहे, आणि पुढे ती कुणाकुणाकडे गेली त्याची साखळी अखंड आहे. तुमच्याकडे संस्थानचं पत्र, दुकानाची मूळ पावती, लायसन्सच्या जुन्या वह्या असतील तर रायफलीबरोबर ठेवा. नुसतं "सावंतवाडीच्या दरबारातून आली" असं आत्याने सांगितलं असेल तर मी ते टिपणात "कुटुंबाच्या सांगण्यानुसार" असं लिहिते आणि त्याचा रुपया धरत नाही.

शेवटी आकडा. मी एक आकडा देत नाही, कामाप्रमाणे देते. वाटणीसाठी: आज डीलर रोख काय देईल तो. विम्यासाठी: तशीच दुसरी मिळवायला काय लागेल तो, इंग्लिश मालाला हा पहिल्याच्या दुपटीपर्यंत जाऊ शकतो. घरातच ठेवायची असेल आणि वारसाच्या नावावर लायसन्स करायचं असेल, तर २०१६ च्या नियमांत त्याची वेगळी वाट आहे. लायसन्सदार हयात असतानाही, त्यांना सत्तर पूर्ण झाली किंवा हत्यार पंचवीस वर्षं जवळ असलं तर अर्ज करता येतो. तेव्हा विक्रीची किंमत काढण्यात पैसे घालवू नका. टिपणावर तारीख, बोअर, नंबर, नळीची स्थिती, न जुळणारे भाग, आणि रायफल कुठल्या कस्टडीत पाहिली हे असायलाच हवं. किमान तीन डीलरांना विचारा, त्यातला एक मुंबईबाहेरचा, पुण्याचा चालेल. आणि त्यांनी सांगितलेला भाव रोख खरेदीचा की कमिशनवर ठेवून घेण्याचा, हे फोन ठेवण्याआधी विचारून घ्या. कमिशनवाल्या भावातून कस्टडीचं भाडंही वजा होतं.